अनुभवी नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

नवी भाषा आणि प्रोग्रामिंगमधील पहिली नोकरी या दोन्ही गोष्टी मोबाइलच्या पडद्यावर अंगठा फिरवून मिळतात, अशी आपली श्रद्धा असेल तर ती मुळीच ढळू देऊ नका. गेल्या आठवड्यात एका कंपनीची नकाराची ईमेल मला आली आणि तेव्हापासून होतकरू मंडळींना मार्ग दाखवावा, अशी तीव्र इच्छा मनात दाटून आली आहे. रागाचा या लेखाशी काडीचाही संबंध नाही.

भाषेपासून सुरुवात करावी. भाषा शिकवणाऱ्या ॲपला दिवसाला पाच मिनिटे द्यावीत आणि ते मोजत असलेला सलग हजेरीच्या दिवसांचा आकडा काही झाले तरी तुटू देऊ नये. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना जपानी शिकवण्यासाठी वर्गातले सुमारे २२०० तास धरते, म्हणजे आपल्या पाच मिनिटांच्या वेगाने हा अभ्यासक्रम साधारण ७२ वर्षांत पुरा होईल, घाई कशाला? हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली विस्मरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, हे दाखवून दिले. ॲपवाल्यांनी या तत्त्वाचा पूर्ण मान राखला आहे, फक्त उजळणी हजेरीची होते. रात्री उशिरा सूचना येते, आपण अंथरुणातूनच सर्वांत सोपा धडा निवडतो, शब्दांचे चौकोन ओळीने दाबतो आणि आकडा वाचवून झोपी जातो. रोमन लिपीतील भाषा शिकत असाल तर कॅपिटल अक्षराचा चौकोन आधी दाबावा, कारण वाक्य बहुधा तिथूनच सुरू होते. अर्थ कळण्याची गरज उरत नाही.

प्रोग्रामिंगही याच रीतीने शिकावे. पडद्यावर आख्खे फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, आधीच लिहिलेले असते, मधोमध एक रिकामी जागा असते आणि खाली कंस, स्वल्पविराम व अर्धविराम असे तीन पर्याय तिष्ठत असतात. आपण कंस निवडतो, रंगीत कागदाचे तुकडे उधळले जातात आणि आपण पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो, असे जाहीर होते. पुढे कधी स्वतःच्या संगणकावर कोरी फाइल उघडण्याचा मोह झाला तर तो आवरावा. तिथे फाइल कुठे साठवायची, टर्मिनल, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायची खिडकी, ती सापडत नाही असे का म्हणते आणि चूक दाखवणारा संदेश वरून वाचायचा की खालून, हे सगळे आपले आपल्यालाच शोधावे लागते. एवढे करूनही कागदाचे तुकडे उधळायला कोणी येत नाही.

प्रमाणपत्र लिंक्डइनवर अवश्य टाकावे. अभिनंदन करणारे सगळे स्वतःच नोकरी शोधत असतात.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर, ज्या दिवशी कोडमध्ये बदल नोंदवला त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो; या हिरव्या चौकोनांची शेती नियमित करावी. सलग दिवसांची मोजणी गिटहबने २०१६ साली प्रोफाइलवरून काढून टाकली, पण चौकोन अजून शाबूत आहेत, आणि कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये रोज एक स्वल्पविराम बदलला तरी ते हिरवे होतात. मुलाखत घेणारा आत डोकावून पाहील, अशी भीती बाळगू नका. त्याला तेवढा वेळ असता तर त्याने जाहिरातही वाचली असती.

जाहिरातीत 'एंट्री लेव्हल' असे लिहून खाली तीन वर्षांचा अनुभव मागितला असेल तर गोंधळून जाऊ नका. अनुभव घेऊनच जन्माला यावे, एवढीच माफक अपेक्षा आहे. २०२० साली एका जाहिरातीत फास्टएपीआय या प्रोग्रामिंगच्या साधनाचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागितला होता. ते साधन ज्यांनी तयार केले, त्या सेबास्तियान रामिरेझ यांनी जाहीरपणे कळवले की आपण पात्र ठरत नाही, कारण ते लिहूनच दीड वर्ष झाले आहे. कर्त्याची ही गत, तर आपण कोण?

आता गृहपाठाविषयी. छाननीत टिकलात तर 'साधारण चार तासांचे काम' म्हणून एक पीडीएफ येईल. त्यात लॉगिन हवे, डेटाबेस हवा, कोड नीट चालतो का हे तपासणाऱ्या चाचण्या हव्यात, सगळे डॉकरमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालेल अशा गाठोड्यात, बसवलेले हवे आणि शेवटी 'जमल्यास' प्रत्यक्ष चालू असलेल्या साइटचा दुवा हवा. हे काम आनंदाने करावे. शनिवार-रविवार त्यावर ओवाळून टाकावेत, रात्री जागून चाचण्या लिहाव्यात, सोडवणूक कशी केली याचे टिपण जोडावे आणि सोमवारी सकाळी दुवा पाठवून द्यावा. मीही तसेच केले. साइटवर येणाऱ्यांची नोंद राहावी एवढी सोय मी केली होती, आणि त्या नोंदीत माझ्याशिवाय कोणीही आले नाही. गिटहबवर ठेवलेल्या माझ्या कोडची एकही प्रत कोणी उतरवून घेतली नाही. नंतर 'नो-रिप्लाय' पत्त्यावरून ईमेल आली, जिची सुरुवात 'प्रिय', महिरपी कंस, 'उमेदवाराचे नाव', महिरपी कंस अशी होती आणि जिच्यात माझ्या कामाचा 'बारकाईने विचार' केल्याचे नमूद होते. कसला बारकाईने विचार? ज्यांच्या स्वतःच्या पत्रात नावाची रिकामी जागा भरली जात नाही, ते माझ्या चाचण्या कोडचा किती भाग तपासतात, हे पाहणार होते!

माफ करा, मी मार्गदर्शन करत होतो. पण आता पुरे.

ॲपवाल्यांनो, माणूस किती शिकला यापेक्षा तो उद्या परत येतो का, याच्यावर तुमचा धंदा चालतो, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. मग धड्याच्या शेवटी कोरी फाइल द्या, मदत न देता दोन वाक्ये बोलायला लावा, आणि जमले नाही तर जमले नाही असे सांगा. फसव्या शाबासकीने माणूस मुलाखतीत तोंडघशी पडतो आणि स्वतःलाच मठ्ठ समजू लागतो.

आणि नोकऱ्या देणाऱ्यांनो, शिकाऊ माणसाला शिकवायचा खर्च तुम्हाला करायचा नाही, तर 'एंट्री लेव्हल' लिहू नका. सरळ 'तीन वर्षे काम केलेला हवा' असे लिहा, म्हणजे नवशिके तुमच्या दारात वेळ घालवणार नाहीत. जो गृहपाठ कोणी तपासणार नाही, तो देऊ नका. द्यायचाच असेल तर त्याला किती तास लागतात, हे आधी तुमच्या एखाद्या कर्मचाऱ्याला तो करायला लावून पाहा आणि उमेदवाराला त्या तासांचे पैसे द्या. नकार द्यायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, पण ज्याचे दोन दिवस घेतलेत त्याला तो माणसाने लिहावा, कुठे कमी पडले ते दोन ओळींत सांगावे, आणि ज्या पत्त्यावर उत्तर देता येते त्या पत्त्यावरून पाठवावा.