गच्चीवरच्या उन्हाला काय काम द्यायचं?

अमळनेरजवळच्या आमच्या गावी चुलतभाऊ घर बांधतोय. घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद आहे: न्हाणी-धुण्याचं पाणी उन्हाने वाफाळून शुद्ध करणारं यंत्र गच्चीवर बसवायचं की नाही. मी ॲरिझोनातल्या टुसॉनला राहतो. इथलं ऊन भुसावळच्या तोडीचं आणि पाऊस खान्देशाच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून मला मत विचारलं. यंत्र नको, पाणी गाळून पुन्हा वापरा, असं म्हणताच काकांनी झापलं, "भाऊ, तुन्हाकडे पानी चोवीस तास येस, तुले काय समजस?"

काकांचं बरोबर आहे, पण हिशोब माझ्या बाजूने आहे. जल जीवन मिशनने माणशी ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांच्या घरात त्यातलं पावणेदोनशे लिटर तरी सांडपाणी होऊन गटारीला जातं. काचेखाली पाणी वाफाळलं तर एका चौरस मीटरमधून चांगल्या उन्हाच्या दिवशी तीन-चार लिटर हाती येतं. म्हणजे पाचशे चौरस फूट काच लागणार. मग पापड, कुरडया वाळवायच्या कुठे? तेच पाणी गाळून दुसऱ्या मजल्यावर चढवायला पन्नास वॅटच्या पॅनेलला तासाभराचंही काम नाही. पाणी उकळायला ऊर्जा प्रचंड लागते, वर चढवायला नगण्य. जंतू मारायला पाणी बाटलीत भरून सहा तास उन्हात ठेवायची युक्ती चांगली आहे, पण नितळ पाण्यासाठी. साबणाच्या गढूळ पाण्यात किरण आतवर पोचतच नाहीत.

टुसॉनमध्ये २०१० पासून नव्या घराच्या नळकामातच न्हाणी-धुण्याचं पाणी वेगळं काढायची सोय ठेवावी लागते. रोज ४०० गॅलन, म्हणजे दीड हजार लिटरपर्यंत वापराला वेगळा परवाना लागत नाही. स्वयंपाकघराचं पाणी मात्र त्यात चालत नाही, पाण्याचं डबकं होता कामा नये, आणि भाजीपाल्याला हे पाणी द्यायचं नाही. नियम नेटका आहे. तरी माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत त्या पाइपाला बूच मारलेलं आहे, कारण तोटी फिरवली की पाणी येतं. काकांचा टोमणा इथे मात्र अचूक लागतो. नळ चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावात धुण्याचं शेवटचं पाणी अंगण धुवायला ठेवतातच, ते कुणी शिकवावं लागत नाही.

इथला नियम तिकडे जसाच्या तसा चालणारही नाही. आपली जमीन काळी कापसाची. धुण्याच्या सोड्यातलं सोडियम तिच्यात साचलं की ती चिकट होते, पाणी मुरू देत नाही. त्यामुळे नुसता शोषखड्डा पुढे तुंबतो. म्हणून माझं मत असं: पाया भरतानाच न्हाणीचा पाइप संडास आणि स्वयंपाकघरापासून वेगळा काढावा. पुढे जाळी, मग तळाला प्लास्टिक अंथरलेला खडी-वाळूचा वाफा, त्यात कर्दळ. गाळलेलं पाणी सौर पंपाने संडासाच्या फ्लशच्या टाकीत चढवावं आणि एका दिवसात संपवावं. एप्रिल-मेच्या उन्हात दुसऱ्या दिवशी त्याला वास मारणारच. उरलेलं परसातल्या केळीला. दुसरा पाइप आत्ता टाकला तर खर्च किरकोळ, नंतर फरशी फोडायची वेळ येते.

भाऊ निम्मा तयार झालाय. ग्रुपवर यावर बोलणारे सगळे पुरुष आहेत. जाळीत अडकलेले केस आणि साबणाचा गाळ दर आठवड्याला कोण काढणार, हे त्यांच्यातल्या एकानेही अजून विचारलेलं नाही.