‘उत्तर आधीच ठरलेलं असतं’ : लालबागकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार लालबागकर,

‘आर्ट्सची मुलं कोणते प्रश्न घेऊन येतात’ या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. नुसते आभार मानून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून उत्तर इथे स्वतंत्र लिहिते.

ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लेखात काही प्रश्न दिले होते : माणसं गाव सोडून मुंबईत का येतात, शहरात आल्यावर जात सुटते का, गिरण्या का बुडाल्या, घरकामाला काम म्हणायचं की नाही. लालबागकरांचं म्हणणं, हे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. त्यांची उत्तरं एक तर सगळ्यांना ठाऊक असतात, नाही तर प्रकल्प सुरू व्हायच्या आधीच ठरलेली असतात आणि शेवटच्या पानावर जात, पितृसत्ता किंवा भांडवलशाही यांपैकी एकीवर खापर फुटतं. त्यांचे वडील गिरणीत साचा खात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात होते आणि संप त्यांनी घरात बसून भोगला. ‘गिरण्या संपाने बुडाल्या हे लालबागमधलं शेंबडं पोरही सांगेल, त्यावर चाळीस पानं कशाला?’ असं ते विचारतात. स्वतः त्यांनी सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये आयुष्य काढलं. आमच्याकडे प्रश्नाला उत्तर येतं, तुमच्याकडे प्रश्नातून प्रश्नच निघतात, असंही ते म्हणतात. शेवटी त्यांच्या भाचीची गोष्ट आहे : दहावीला नव्वद टक्के, आणि तिला आर्ट्सला जायचंय.

लालबागकर, तुमचा जो मुद्दा मला पटतो तो आधी घेते. उत्तर ठरवून केलेले प्रकल्प येतात, आणि पुष्कळ येतात. ‘अमुक वस्तीतील स्त्रियांचे शोषण : एक समाजशास्त्रीय अभ्यास’ असं शीर्षक असतं. शोषण शीर्षकातच येऊन बसलं, मग अभ्यास कशाचा करायचा राहिला? व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी अशा मुलीला एकच गोष्ट विचारते : तुला तिथे काय दिसलं असतं, तर ‘माझा अंदाज चुकला’ असं तू म्हणाली असतीस? पुष्कळजणींना हे आधी कुणी विचारलेलंच नसतं, गाइडनेसुद्धा नाही. जिला उत्तर देता येतं तिचं काम खरं. लेखातले प्रश्न मी याच कसोटीवर निवडले होते. त्यांचं उत्तर आपल्या मनासारखं निघेलच असं नाही.

आता गिरण्या. यावर जरा थांबते, कारण इथे तुमचा शब्द स्वतः भोगलेल्या माणसाचा आहे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठाच्या आसपास गिरण्या, अडीच लाखांच्या घरात कामगार. तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. आधी संप आणि मग टाळं, तेव्हा टाळं संपामुळे, असा हिशेब मनात सहज बसतो. पण एक गोष्ट दुसरीच्या आधी घडली म्हणून ती दुसरीचं कारण ठरते का, हे तपासायला एक जुना मार्ग आहे. जिथे गिरण्या होत्या पण असा संप झाला नाही, असं गाव शोधायचं.

ते गाव अहमदाबाद. तिथे गांधीजींच्या काळापासूनची मजूर महाजन ही कामगार संघटना होती, तंटा लवादाने मिटवायची रीत होती. मुंबईच्या संपाचे पुढारी दत्ता सामंत तिथे नव्हते, वर्षभर लांबलेला संप नव्हता. आणि तिथल्याही गिरण्या ऐंशीच्या दशकात आणि नव्वदच्या सुरुवातीला धडाधड बंद पडल्या. हे एकदा समोर आलं, की ‘संपाने बुडाल्या’ हे वाक्य जसंच्या तसं उभं राहत नाही. मग विद्यार्थ्याला दोन्ही शहरांत समान काय होतं ते बघावं लागतं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत इथले यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते. सुती कापडाच्या जागी सिंथेटिक येत होतं. गिरण्यांतली यंत्रं जुनी झाली होती आणि नफा त्यांत परत घातला जात नव्हता. आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७४ चा आहे, म्हणजे संपाच्या आठ वर्षं आधीचा. दुखणं आधीपासूनच होतं.

पण मुलगी इथेच थांबली, तर तीही उत्तर ठरवून आली होती असं मी म्हणेन. कारण मुंबईत जे घडलं ते अगदी अहमदाबादसारखं नाही. इथे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एका उद्योगात एकाच युनियनला प्रातिनिधिक मान्यता होती आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. कामगार सामंतांच्या मागे गेले, पण वाटाघाटीच्या टेबलावर कायद्याने दुसरेच बसायचे. लाखो माणसांना नको असलेली युनियन त्यांच्या नावाने बोलते, हे कसं चालतं? हा राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रश्न झाला. दुसरी गोष्ट जमिनीची. गिरण्यांखाली सुमारे ६०० एकर जमीन, तीही शहराच्या मधोमध. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला, त्यात जमिनीचा वाटा मोकळ्या जागेला आणि परवडणाऱ्या घरांना जायचा होता. २००१ मध्ये तो बदलून हिशेब फक्त बांधकाम नसलेल्या जागेचा धरला, आणि शहराच्या वाट्याला येणारी जमीन कितीतरी कमी झाली. गिरणी चालवण्यापेक्षा ती बंद ठेवण्यात कुणाचा फायदा होता, हे अर्थशास्त्राच्या मुलाने विचारायचं.

इतिहासाच्या मुलांचं काम तुमच्यासारख्या घरांत सुरू होतं. ‘संप का केलात?’ असं विचारलं, की म्हातारा कामगार भाषण देतो, आणि ते त्याने आधी अनेकदा दिलेलं असतं. म्हणून मी मुलांना सांगते, त्या पावसाळ्यात घरात रेशन कुठून आलं ते विचारा. मग वेगळंच निघतं. वडील कोकणात शेतीवर गेले, आईने पापड लाटायला घेतले, मोठ्या बहिणीची शाळा सुटली, वाण्याची उधारी अमुक महिन्यापर्यंत चालली आणि मग बंद झाली. संप किती काळ टिकू शकला आणि कुणाच्या जिवावर, याचं उत्तर या तपशिलात असतं. कामगार पुढाऱ्यांच्या मुलाखतींत ते क्वचितच सापडतं. चाळीस पानं लागतात ती यासाठी. तुमच्या घरात वडिलांचं हजेरी कार्ड, पगाराची पावती, फंडाचा पत्रव्यवहार असं काही असेल, तर रद्दीत घालू नका अशी विनंती आहे.

जातीचा प्रश्न तुम्ही ‘तेच तुणतुणं’ म्हणून एका वाक्यात निकालात काढलात. तुमचे वडील साचा खात्यात होते, म्हणून याच खात्यातलं उदाहरण देते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे कामगार भरपूर होते, पण साचा खात्यात त्यांना घेत नसत. ते असायचे कताईकडे, कमी पगारावर. कारण सांगितलं जायचं ते धोट्याचं, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीचं. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून काढायचं. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाशी जाणार, तर तो ‘त्यांचा’ नको. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला : सगळ्या कामगारांसाठी लढताय, तर विणाईचं खातं आमच्या माणसांना खुलं करण्याची मागणी घ्या.

शहर आणि यंत्र आलं की जात आपोआप विरते, असं तेव्हाही बरेच शहाणे लोक समजत होते. इथे तर यंत्राचाच एक भाग जातीच्या कामी आला. पण शोध इथे संपत नाही. विटाळ हे खरं कारण होतं, की चांगल्या पगाराची जागा आपल्याच माणसांकडे ठेवण्यासाठी पुढे केलेलं निमित्त? हेही तपासता येतं. जिथे धोट्याचा संबंध नाही पण पगार बरा आहे, अशा खात्यांत आणि जागांवर कोण होतं ते जुन्या अहवालांतून काढायचं. ती दारं उघडी असली तर विटाळाचं कारण भक्कम होतं, बंद असली तर निमित्ताचं. ‘जात आहे’ एवढं म्हणायला खरंच प्रकल्प लागत नाही. ती कोणत्या खात्यात कशी चालते, हे सांगायला लागतो.

घरकामाबद्दल थोडंच लिहिते. २०१९ च्या सरकारी वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं आलं, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. हे कुणाचं मत नव्हे, मोजणी आहे. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासूनचे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडून विचारलेले. पण संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये लेडीज डब्यात मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडणारी बाई डोळ्यासमोर आणा. तिची ती वेळ प्रवासाची, कामावरून परतण्याची, की स्वयंपाकाची? एका तुकड्यात एकाहून जास्त कामं नोंदवायची सोय त्या सर्वेक्षणात होती, कारण हा प्रश्न आधी कुणीतरी विचारला होता. आकडा हाती येण्याआधी काय मोजायचं ते ठरवावं लागतं, आणि ठरवण्याचं ते काम आमच्या विषयांचं आहे.

आता तुमचं क्षेत्र. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला. १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट, कोंदट वस्ती हे रोगाचं मूळ, असा तेव्हाचा समज होता. म्हणून वस्त्या पाडल्या आणि समुद्राचा वारा आत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सॅन्डहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. अभियांत्रिकी म्हणून कामात खोट नव्हती, ते रस्ते आजही वाहतूक पेलताहेत. पण पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत. उठवलेली माणसं गोदी आणि बाजारापासून लांब जाऊ शकत नव्हती, कारण काम रोजच्या रोज तिथे जाऊन मिळवायचं होतं. ती शेजारच्या वाड्यांत शिरली. एका ठिकाणची दाटी कमी झाली आणि पलीकडच्या गल्लीत वाढली. हा माणूस पोट कुठे भरतो आणि तिथवर पायी किती वेळात पोचतो, हे कुणी नीट विचारलं असतं तर आराखडा वेगळा झाला असता. हे जुनं झालं म्हणून सोडून देता येत नाही. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं माहुलला रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन ठेवली, तेव्हा पक्कं घर मिळूनही माणसं तिथून बाहेर पडायला का धडपडतात, हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पूल आणि घरं तुम्हीच बांधणार. त्यात कोण आणि का राहणार, हे विचारणारं माणूस मात्र आराखडा करतानाच खोलीत हवं.

तुमच्या भाचीबद्दल. नोकरीची हमी मी देत नाही. नुसत्या बीएवर आज फारसं काही हाती लागत नाही, हे तिला स्पष्ट सांगा. पण तिला खरंच यायचं असेल तर अडवू नका. अर्थशास्त्र घे आणि अकरावीला गणित सोडू नकोस, एवढं माझ्या वतीने सांगा. गणित नको म्हणून आर्ट्सला येणारी मुलं पुढे संख्याशास्त्राच्या पहिल्याच पेपरला अडतात, आणि मग ठरलेली उत्तरं लिहिणं तेवढं त्यांच्या हाती उरतं. इंग्रजीइतकंच मराठी वाचन ठेवायला सांगा, कारण कामगारांची पत्रकं, नोटिसा, चाळकऱ्यांचे अर्ज मराठीत आहेत आणि ते वाचणारी मुलं कमी होत चालली आहेत. सुट्टीत तिला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दालन, बाहेरून तरी दाखवून आणा. अकरावीच्या फॉर्मची मुदत संपायच्या आत तिला माझ्याशी बोलायचं असेल, तर ब्लॉगवरच्या संपर्काच्या चौकटीत लिहायला सांगा. मी शनिवारी दुपारी मोकळी असते.