माणूस मिळतो, टिकत का नाही?

आमच्या स्पायनल इंज्युरीवाल्यांच्या (म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखं कुणीतरी विचारत असतं, घरी राहून काळजी घ्यायला चांगली मावशी मिळेल का, मामा मिळेल का, आधीचे सोडून गेले. मग खाली अशी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचे नंबर पडतात. नंबर हवेतच, पण आलेला माणूस का गेला हे कुणी बोलत नाही, आणि मला वाटतं खरं दुखणं तिथेच आहे.

12 तासांच्या ड्युटीवर मावशी येतात. आई एक सांगते, बाबा दुसरं, भाऊ ऑफिसमधून फोन करून तिसरंच. आणि जिची युरिन बॅग रिकामी करायची तिला कुणी विचारतच नाही! मावशीसुद्धा माझ्या उशाशी उभ्या राहून आईला विचारतात, "ताई जेवणार का आता?" अहो, मला विचारा ना.

आमच्याकडे आता ठरलंय, माझ्या शरीराबद्दलचं सगळं मी सांगणार. काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदे दुखावतात, आणि माझी व्हीलचेअर याच खांद्यांवर चालते. रात्री दर 2 तासांनी कूस बदलायची, कारण आमच्यातल्या अनेकांना इजेच्या खालच्या भागात दुखतच नाही, बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) सुरू झालेला कळतच नाही. सकाळी टाचा आणि माकडहाड बघायचं, लाल डाग बोटाने दाबूनही लालच राहिला तर आधी मला सांगायचं. आणि हात लावायच्या आधी बोलायचं, "ताई, पाय उचलते हं." एवढं एक वाक्य बोललं की माझं अख्खं अंग सैल पडतं, खरंच.

पण मग त्यांच्या बाजूनेही बघा ना. पेशंटसाठी आणलेल्या मावशीला पाहुण्यांचा चहा, भांडी, वर बाळाला पण जरा बघा, आणि माझी कूस बदलायची वेळ टळून जाते ती त्यामुळेच. आठवड्याची सुट्टी मागितली की घरच्यांचं तोंड वाकडं. ज्या खोलीत मला अंघोळ घालतात तिथे न विचारता कॅमेरा लावायचा, हे तर मला अजिबात पटत नाही, मावशींना पण विचारायला हवं आणि मला तर हवंच हवं.

आईबाबांची भीती मला कळते. आमच्या मागे हिचं कोण, हा प्रश्न त्यांना झोपू देत नाही आणि त्या काळजीतूनच सगळं आपल्या हातात ठेवावंसं वाटतं. पण 2016 चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्वाबद्दल (म्हणजे ठरावीक निर्णयांपुरता नेमलेल्या पालकाबद्दल, आईबाबाच असं नाही) बोलतो तेव्हासुद्धा पालक आणि दिव्यांग व्यक्तीने मिळून, एकमेकांवरच्या विश्वासाने निर्णय घ्यायचा म्हणतो, तोही त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे. ज्यांचं बोलणं स्पष्ट नाही, सेरेब्रल पाल्सी आहे, त्यांनाही हे लागू आहे. बोटाने, डोळ्याने, चित्रांच्या तक्त्यावर दाखवून ते सांगतात, आपण थांबायला हवं. त्याच कायद्यात जास्त मदत लागणाऱ्यांसाठी केअरगिव्हर भत्त्याची तरतूद आहे, त्याचा पाठपुरावा आपण सगळ्यांनी मिळून करायला हवा, कारण पगार वेळेवर आणि पुरेसा नसेल तर नुसत्या गोड बोलण्याने कोण थांबेल?

पुढच्या वेळी ब्युरोला फोन लावाल तेव्हा स्पीकरवर ठेवा आणि ज्याला मदत हवी आहे त्याला बोलू द्या. आणि तुमच्याकडे मावशींच्या सुट्टीच्या दिवशी काय सोय करता ते खाली लिहा प्लीज, आमचं अजून नीट जमलेलं नाहीये.