हॅटची कारागिरी आणि बगळ्यांची पिसे: एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

स्त्रियांच्या फॅशनेबल हॅट कशा घडवल्या जातात, यावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले तीन आक्षेप आहेत. साच्यावर दाबून काढलेल्या वस्तूला कारागिरी म्हणणे ही अतिशयोक्ती आहे, हा पहिला. हा धंदा बगळ्यांच्या कत्तलीवर पोसला गेला असताना लेखात त्याचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे, हा दुसरा. आणि येवल्याची पैठणी हाताशी असताना नाशिककराने मडमांच्या टोप्यांचे कौतुक कशासाठी करावे, हा तिसरा. दुसऱ्या आक्षेपामागची कळकळ मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र त्याच्या आधाराने आपण पहिलाही सिद्ध झाल्याचे मानता, ते मला पटत नाही.

लाकडी ठोकळा आकार दाखवतो, पण तो आकार कापडात उतरवण्याचे काम हातालाच करावे लागते. फेल्ट म्हणजे नमद्याप्रमाणे तंतू एकमेकांत गुंतवून केलेले कापड असल्यामुळे त्यात ताणा-बाणा नसतो, आणि म्हणूनच ते एका जागी ताणता येते व दुसऱ्या जागी आक्रसवता येते. फेल्टचा कच्चा घुमट वाफेवर मऊ करायचा, गरम असतानाच ठोकळ्यावर ओढायचा, डोक्याच्या घेराच्या रेषेवर दोरी आवळायची आणि कडेला जमलेल्या चुण्या पुन्हा वाफ देत, बोटांनी दाबत जिरवायच्या. ओढ जास्त झाली तर फेल्ट विरळ होते, कमी पडली तर चुणी कायमची राहते, आणि पुरते वाळण्याआधी ठोकळ्यावरून काढले तर घेतलेला आकार सैल पडतो. कारखान्यातील दाबयंत्र हेच काम क्षणात करते, हे खरे आहे. परंतु ते एकच आकार हजारदा काढण्यासाठी बनलेले असते, तर हॅट घडवणारी बाई समोरच्या चेहऱ्याची लांबी, कपाळ आणि केसांची ठेवण पाहून काठाची रुंदी आणि झुकाव ठरवते.

उन्हाळी हॅटची गोष्ट याहून नाजूक आहे. तिच्यासाठी वापरले जाणारे सिनामे हे कापड फिलिपिन्समधील अबाका या केळीच्याच कुळातील झाडाच्या धाग्यापासून विणतात. ते विणलेले असल्यामुळे फेल्टसारखे हवे तसे वळत नाही. म्हणून त्याचे थर उरेब, म्हणजे विणीला तिरपे, धरून ठोकळ्यावर चढवावे लागतात आणि खळ देऊन ताठ करावे लागतात. मग काठाच्या कडेला बारीक तार ठेवून ती काजाच्या टाक्यासारख्या जवळजवळच्या टाक्यांनी शिवायची, तारेचा जोड मागच्या बाजूस ठेवायचा आणि वर उरेब पट्टी चढवायची. आतल्या बाजूस डोक्याभोवती बसणारी जाड विणीची रिबीन सरळ असते व डोके लंबगोल. तेव्हा शिवण्याआधी ती ओलसर करून इस्त्रीखाली वळवून घ्यावी लागते. ब्लाउजच्या गोल गळ्याला उरेब पट्टी लावताना ती न चुणता बसवणे किती कठीण असते, हे आपल्या गावातल्या कोणत्याही चांगल्या शिंप्याला विचारावे; इथे तीच अडचण अधिक कडक कापडात आणि अधिक घट्ट वळणावर येते. या सगळ्याला कारागिरी म्हणायचे नसेल, तर शिवणकामातील पुष्कळ काही आपल्याला त्या शब्दाबाहेर ठेवावे लागेल.

आता बगळ्यांविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील हॅटवर जी लांब, विरळ, पांढरी पिसे मिरवली जात, ती बगळ्यांना विणीच्या हंगामातच येतात. त्यामुळे शिकारी घरट्यांच्या वसाहतींवरच जात, मोठे पक्षी मारत, आणि मागे राहिलेली पिल्ले उपाशी मरत. एका पिसासाठी एक पिढी जात असे. आपल्या जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरला 2020 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा जाहीर झाला, तो राज्यातील पहिला. तिथल्या पाण्यात उभे असलेले बगळे पाहिलेल्या माणसाला याचा संताप यावा, हे स्वाभाविकच आहे. वन्य पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर ब्रिटिश हिंदुस्थानात 1902 मध्ये बंदी आली, परंतु ब्रिटनने आयातबंदीचा कायदा केला तो 1921 मध्ये. म्हणजे जिथे पक्षी मरत होते तिथून माल बाहेर जाऊ न देण्याचा नियम आधी झाला, आणि जिथे माल खपत होता तिथले दार जवळजवळ दोन दशके उघडे राहिले. यात व्यापाऱ्यांचा आणि गिऱ्हाइकांचा दोष स्पष्ट आहे, आणि तो कमी करून सांगण्याची माझी इच्छा नाही.

परंतु याच्याविरुद्ध उभ्या राहिल्या त्याही बहुतांशी हॅट घालणाऱ्या समाजातल्या स्त्रियाच होत्या. एमिली विल्यमसन यांनी 1889 मध्ये मँचेस्टरजवळ पिसांविरुद्ध स्त्रियांची संघटना सुरू केली, तीच पुढे ब्रिटनमधली पक्षीरक्षणाची सर्वांत मोठी संस्था झाली. 1896 मध्ये बॉस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी ओळखीच्या घरांतील बायकांना पिसे न वापरण्यासाठी वळवले. हॅट टाकून द्या असे त्यांचे सांगणे नव्हते. आणि पिसे गेल्यावर हॅट संपलीही नाही: 1920 च्या दशकात घंटेच्या आकाराची क्लोश हॅट सर्वत्र दिसू लागली, जिच्यावर बहुधा एखादी रिबीन सोडल्यास काही नसे आणि जिचे सगळे सौंदर्य कपाळावर उतरणाऱ्या फेल्टच्या वळणात होते. पीस ही वरून लावलेली वस्तू होती, कला आकारात होती, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

आपण ज्याकडे लक्ष वेधले नाही, असा या धंद्यातला एक दोष मला अधिक बोचतो. सशाच्या केसांचे फेल्ट नीट गुंतावे म्हणून केसांना पाऱ्याचे क्षार लावत, आणि पुढे वाफ देताना त्याच्या विषारी वाफा कामगारांच्या फुप्फुसांत जात. अमेरिकेतील डॅनबरी या हॅटच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात कामगारांच्या हातापायांचा थरकाप हा त्या धंद्याचाच रोग मानला जाई. तिथे पाऱ्याचा वापर 1941 मध्ये थांबला. ब्रिटनने पक्ष्यांसाठी कायदा केल्यानंतर डॅनबरीत माणसांसाठी हे होण्यास आणखी वीस वर्षे लागली, याची नोंद या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ठेवली पाहिजे.

पैठणीच्या मुद्द्यावर मी थोडक्यातच लिहितो, कारण मला त्यात विरोध दिसत नाही. रेशमासाठी कोशातल्या किड्याला प्राण गमवावा लागतो, म्हणून येवल्याच्या विणकराचे कसब आपण नाकारत नाही. प्रश्न विचारतो आणि कसबही पाहतो. डोक्यावरच्या वस्त्राची कारागिरी आपल्याकडे परकी नाही, पगडबंदांची परंपरा होतीच. शिवाय हॅटच्या दुकानाने त्या काळी थोड्या भांडवलावर स्वतःच्या नावाने धंदा करण्याची वाट काही स्त्रियांना दिली: पॅरिसमध्ये जान लाँव्हँ यांनी 1889 मध्ये आणि कोको शनेल यांनी 1910 मध्ये सुरुवात केली ती हॅटपासूनच.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, की अशी हॅट नाशकात घेणार कोण. नेहमीच्या वापरासाठी फार कोणी घेणार नाही, आणि तसे मी लेखात सुचवलेलेही नाही. पण नाटकांची वेशभूषा करणाऱ्यांना ही कला उपयोगी आहे, आणि तिच्यासाठी परदेशी फेल्ट मागवण्याचीही गरज नाही. शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात मिळणारे कडक बकरम ओले करून उपड्या पातेल्यावर उरेब ताणून वाळवावे, कडेला तार शिवावी आणि वर सुती कापड चढवावे. पहिली हॅट एवढ्या सामानावर होते.