रूथ गॉर्डनला लॉटरी लागली नव्हती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकन नटी आणि लेखिका रूथ गॉर्डनवरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच हजेरी घेतलीत, तेव्हा दोन ओळींत आभार मानून सटकणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही बाई जन्मभर दुय्यम नटी होती, बहात्तराव्या वर्षी एका सैतानाच्या सिनेमात तिला लॉटरी लागली आणि मग मरेपर्यंत तीच चक्रम म्हातारी ती खपवत राहिली. पटकथांचं श्रेय खरं नवऱ्याचं. आणि पाय सरळ व्हावेत म्हणून तिने ते मोडून घेतल्याची गोष्ट मी कौतुकाने सांगितली, ती संतापाने सांगायला हवी होती.

लॉटरीचंच आधी बघू, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

रूथचा जन्म १८९६चा, मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीचा. वडील एके काळी जहाजावर कप्तान, नंतर कारखान्यात फोरमन. बॉस्टनला एक संगीतिका बघून पोरीने नटी व्हायचं ठरवलं आणि न्यूयॉर्कची नाट्यशाळा गाठली. शाळेने थोड्याच काळात कळवलं की तुझ्यात काही दिसत नाही, पुन्हा येऊ नकोस. १९१५च्या डिसेंबरात ती ब्रॉडवेवर उभी होती, नटी मॉड ॲडम्सच्या 'पीटर पॅन'मध्ये, निब्स नावाच्या पोराच्या छोट्याशा भूमिकेत. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा नाट्यसमीक्षक वुलकॉट याने त्या एवढ्याशा कामाचीही दखल घेतली.

तिथून पुढची यादी बघा. १९३६ साली लंडनच्या ओल्ड विकमध्ये 'द कंट्री वाइफ'. पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'मधली नोरा. १९४२मध्ये चेकॉव्हच्या 'थ्री सिस्टर्स'मधली नताशा, तीही कॅथरिन कॉर्नेल आणि ज्युडिथ अँडरसन या बड्या नट्या समोर असताना. १९५५मध्ये 'द मॅचमेकर'मधली डॉली लीव्हाय. याच डॉलीवरून पुढे 'हॅलो, डॉली!' ही संगीतिका झाली. अशा बाईला दुय्यम म्हणायचं तर मग मुख्य कोण? अडचण एवढीच की यातलं काही यूट्यूबवर सापडत नाही. रंगमंचावरचं काम त्या रात्रीच्या प्रेक्षकांबरोबर घरी जातं. आपण तिला सिनेमातून ओळखतो आणि सिनेमात ती १९४३नंतर थेट १९६५ला दिसली. मधल्या बावीस वर्षांत ती रिकामी बसली होती असं तुम्ही धरून चाललात.

आणि ऑस्करही एकदम आभाळातून पडलं नाही. १९६५च्याच 'इनसाइड डेझी क्लोव्हर'साठी तिला नामांकन होतं, गोल्डन ग्लोब तर मिळालंच होतं. १९६९मध्ये 'रोझमेरीज बेबी'साठी, म्हणजे तुमच्या त्या सैतानाच्या सिनेमासाठी, ऑस्कर हातात आल्यावर ती व्यासपीठावरून म्हणाली की, अशा गोष्टीने माणसाला काय हुरूप येतो म्हणून सांगू! सभागृह खदखदून हसलं. मग तिने आठवण करून दिली की आपण पहिल्यांदा सिनेमात आलो १९१५ साली, इतका वेळ का लागला कोण जाणे.

आता 'तीच चक्रम म्हातारी'. इथे माझी विनंती आहे की दोन सिनेमे लागोपाठ बघा.

'रोझमेरीज बेबी'मधली मिनी कॅस्टेव्हेट ही रोझमेरी नावाच्या तरुणीची शेजारीण आहे. भडक कपडे, भडक मेकअप, नाकातला आवाज. दार उघडताच आत घुसते, नजर घरभर फिरते, खुर्ची केवढ्याला पडली ते विचारते, दिवस गेलेत का तेही विचारते. आपल्या चाळीत अशा बायका ढिगाने असतात, म्हणूनच ती भीतिदायक वाटते. दिग्दर्शक पोलान्स्कीने एका दृश्यात तिला पलंगावर बसून फोन करताना दाखवलंय, पण दाराच्या चौकटीआड, अर्धीमुर्धीच. थिएटरात लोक तिला नीट बघायला माना वाकड्या करायचे, असं सांगतात. पण माझं आवडतं दृश्य शेवटचं. रोझमेरी हातात सुरा घेऊन सैतानपूजकांच्या मेळाव्यात शिरते, सैतानापासून झालेलं आपलं बाळ बघायला पाळण्यात डोकावते आणि तिच्या हातून सुरा सुटून फरशीच्या लाकडात रुततो. जगाचा उलटफेर चाललेला. मिनी काय करते? येते, सुरा उपटते आणि लाकडाला पडलेला ओरखडा बोटाने घासून बघते. फरशी खराब झाली ना! त्या एका घासण्यात ती बाई आख्खी आली. अतिशयोक्त अभिनय करणाऱ्याला हे सुचत नाही.

'हॅरॉल्ड अँड मॉड' (१९७१) मधली मॉडही म्हातारी, रंगीबेरंगी, अखंड बडबडी. ओळखही लगेच पटते. पण मिनी दुसऱ्याच्या वस्तूंची किंमत करते, तर मॉडला वस्तूंचं काहीच नाही. तिच्या प्रेमात पडलेल्या तरुण हॅरॉल्डने दिलेली भेट ती हसत पाण्यात फेकते, का, तर आता ती कुठे आहे ते कायम माहीत राहील. (दुसऱ्यांच्या गाड्या मात्र बिनदिक्कत पळवते.) याच सिनेमात संध्याकाळी दोघं बसलेली असताना ती ड्रायफस या खोट्या आरोपात अडकलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याची गोष्ट सांगत असते: डेव्हिल्स आयलंडवर कैदेत असताना त्याला जे अद्भुत पक्षी वाटले ते निघाले साधे सीगल. हॅरॉल्ड तिचा हात हातात घेतो आणि क्षणभर तिच्या हातावर गोंदलेला नाझी छळछावणीतला नंबर दिसतो. संवाद नाही, संगीताचा झटका नाही, गॉर्डन आवाजही बदलत नाही. पापणी लवली तर तो नंबर निसटतो. मॉडचं सगळं हसणं कुठून आलंय ते तेवढ्यात कळतं. ही चक्रम म्हातारी असेल तर मला अशा आणखी चालतील.

तो सिनेमा तेव्हा सपशेल आपटला, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. 'व्हरायटी' या सिनेसृष्टीच्या पत्राने तर त्यातली गंमत जळत्या अनाथाश्रमाइतकी आहे असं छापलं. पण मिनेसोटातल्या इडायना गावच्या वेस्टगेट थिएटरात तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला, इतका की तोच तोच सिनेमा बघून कंटाळलेल्या रहिवाशांनी थिएटरापुढे निदर्शनं केली. १९९७मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला.

नंतरच्या कामांबद्दल मी वकिली करणार नाही. क्लिंट ईस्टवूड आणि ओरांगउटानच्या सिनेमातली म्हातारी तिने झोपेतही केली असती.

नवऱ्याचं श्रेय. गार्सन केनिन तिच्याहून सोळा वर्षांनी लहान. दोघांचं लग्न १९४२चं. 'अ डबल लाइफ', 'ॲडम्स रिब' आणि 'पॅट अँड माइक' या तिन्ही पटकथा दोघांच्या नावावर आहेत आणि तिन्हींना ऑस्करचं नामांकन दोघांना मिळून होतं. केनिन मोठा लेखक होता, वाद नाही. पण 'ओव्हर ट्वेंटी-वन' आणि 'इयर्स अगो' ही नाटकं एकट्या रूथची. 'इयर्स अगो' तर तिच्याच घराची गोष्ट. त्यातल्या बापाच्या भूमिकेसाठी फ्रेडरिक मार्चला १९४७मध्ये, म्हणजे टोनी पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, टोनी मिळालं. पुढे त्यावरून 'द ॲक्ट्रेस' सिनेमा झाला, स्पेन्सर ट्रेसी आणि जीन सिमन्सचा. पटकथा रूथचीच. 'ॲडम्स रिब'मधल्या वकील नवरा-बायकोचं मूळही सापडतं ते नट रेमंड मॅसीच्या घटस्फोटात. दोन्ही बाजूंचे वकील आपसात नवरा-बायको. पुढे त्यांनी स्वतःही घटस्फोट घेतला आणि ज्याने त्याने आपापल्या अशिलाशी लग्न केलं! मॅसी हा 'एब लिंकन इन इलिनॉय'मधला लिंकन, आणि त्याची मेरी टॉड कोण? रूथ गॉर्डन. बायको लिहिते म्हटलं की लेखणी नवऱ्याची असणार, हा संशय आपल्याला इतक्या चटकन का येतो, याचा तुम्हीच विचार करा.

राहिले पाय. १९२०च्या डिसेंबरात, चोविसाव्या वर्षी, तिने शिकागोच्या इस्पितळात दोन्ही पाय मोडून घेतले. पाय धनुकलीसारखे वाकलेले होते, ते सरळ करून घ्यायला. वाचताना माझ्याही अंगावर काटा आला आणि ज्या धंद्यात बाईला हे करावंसं वाटतं त्या धंद्यावर चिडायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे. पण तिने आत्मचरित्रात त्याबद्दल रडगाणं गायलेलं नाही. मी तिच्या वतीने गळा काढला असता तर ते तिचं चरित्र राहिलं नसतं. बरं होताच ती पहिल्या नवऱ्याबरोबर, ग्रेगरी केलीबरोबर, इंडियानापोलिसला नाटक कंपनी चालवायला गेली. १९२७ला केली हृदयविकाराने गेला. दोन वर्षांनी नाट्यनिर्माता जेड हॅरिसपासून तिला मुलगा झाला, लग्नाशिवाय. त्या काळात!

शेवटी तुम्ही विचारलंय की 'ती सैतानाची भानगड' सोडून काय बघावं. 'कोलंबो' मालिकेतला १९७७चा एक भाग शोधा, ज्यात ती रहस्यकथा लिहिणारी लेखिका आहे आणि भाचजावयाला तिजोरीच्या खोलीत कोंडून मारते. खुनी कोण ते पहिल्या काही मिनिटांतच कळतं, तरी आपण तिच्याच बाजूने होतो. मग 'टॅक्सी' या विनोदी मालिकेचा तो भाग बघा, ज्यासाठी तिला १९७९ला, ब्याऐंशीव्या वर्षी, एमी मिळालं. दोन्ही बघून झाले आणि तरी ती एकसुरीच वाटली, तर पुन्हा लिहा, आणखी भांडू.