त्या निरुपयोगी पेटीला दोनच ओळी?

विचित्र यंत्रांवरचा लेख झकास, पण निरुपयोगी पेटी दोन ओळींत उरकलीत! बटण दाबलं की झाकण उघडून आतला यांत्रिक हात बाहेर येतो, तेच बटण बंद करतो आणि परत आत जाऊन गप्प बसतो. एवढंच तिचं काम. १९५२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत मार्विन मिन्स्की या संशोधकाला ही कल्पना सुचली, क्लॉड शॅननने ती करून दाखवली. माहिती मोजण्या-पाठवण्याचं गणित, म्हणजे माहिती-सिद्धांत, त्याचा जनक असलेला शॅनन असले उद्योग करायचा, म्हणून तर मला जवळचा वाटतो.

गेल्या गणेश चवथीला मी ती घरी केली. मोटर गाडीच्या वायपरची, आमच्या वाड्यावरच्या दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याची मान हलवणारी. पोरांनी जाळण्याआधी काढून ठेवली होती. बटण उलटलं की मोटर उलटी फिरते, हात आत गेला की खालचा छोटा स्विच दाबला जाऊन वीज तुटते. माझा तो स्विच सूतभर खाली बसला, त्यामुळे हात आत जाऊनही मोटर घरघरतच राहायची. शेवटी स्विचखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला.

आरतीला आलेली मंडळी गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी सोडून पेटीभोवतीच! आजी म्हणाली, "हिचा उपयोग काय रे?" आणि लागोपाठ सात वेळा बटण दाबलं.