खुलासा: ‘एटोआय’ने शून्य दिलं म्हणजे इनपुट चुकीचंच, असं नाही

‘सी’ या प्रोग्रामिंग भाषेत दिलेला मजकूर आकडा आहे का, हे तपासायला ‘एटोआय’ (atoi, मजकुराचा पूर्णांक करून देणारं फंक्शन) पुरे, शून्य आलं की इनपुट चुकीचं, असा मेसेज फिरतोय. पूर्वी मीही हेच लिहिलं होतं, म्हणून ही दुरुस्ती.

"०" दिलं तरी शून्य, "कखग" दिलं तरी शून्य. फरक कळणार कसा? "१२क" दिलं तर बिनतक्रार १२. आणि ‘इंट’ (int) या पूर्णांकाच्या प्रकारात न मावणारा आकडा दिला तर काय व्हावं, हे ‘सी’चं स्टँडर्ड सांगतच नाही. म्हणजे आपल्या मशीनवर जे दिसलं त्याचाही भरवसा नाही.

त्याऐवजी ‘स्ट्रटॉल’ (strtol, तेच काम करणारं पण चूक कळू देणारं फंक्शन) वापरा. आधी ‘एरनो’ (errno, एररचा कोड ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करा, बेस म्हणजे संख्यापद्धती १० द्या (बेस ० दिलात तर पुढच्या शून्यामुळे "०१०" अष्टमान धरलं जातं आणि त्याचे ८ होतात, यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती). मग एंड पॉइंटर (वाचन जिथे थांबलं ती जागा) बघा. तो सुरुवातीलाच असेल तर एकही अंक वाचला गेलेला नाही. नल कॅरेक्टरवर (मजकूर संपल्याच्या खुणेवर) नसेल तर मागे काहीतरी उरलंय. ‘एरनो’त ‘ईरेंज’ (ERANGE, मर्यादेबाहेरचा कोड) आलं तर आकडा ‘लाँग’ (long) या पूर्णांकाच्या प्रकारात मावला नाही. सुरुवातीच्या स्पेस मात्र ‘स्ट्रटॉल’ही मुकाट्याने गिळतं.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल तिथे हा टाका.